पुस्तक हाच मास्तर



गोवामुक्तीनंतर पेडण्यात आमच्या गावी मराठी शाळा आली. माझी थोरली बहीण तिथे चौथीपर्यंत शिकली. पुढची शाळा लांब, घरात कामे फार. दप्तर खुंटीला लागले ते लागलेच.

१९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघाले, १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. कामधंदा सांभाळून शिकण्याची वाट खुली झाली. तिची गरज मला २०१२ साली खाणी बंद पडल्यावर कळली. डिचोलीतले तरुण सांगत, "सर, ट्रकच्या लायसनापलीकडे हातात कागद नाही."

वर्गात अडले तर मास्तर समजावतो. दूरशिक्षणात पुस्तक हाच मास्तर. तो परक्या भाषेत बोलू लागला, तर विद्यार्थी दुसऱ्यांदा शाळा सोडतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी मराठीतून देता येते. हे वाडीवाडीवर सांगायला हवे; गावच्या वाचनालयात ती पुस्तके हवीत आणि रविवारी तासभर शंका सोडवणारे कोणीतरी हवे. ते आपणच का होऊ नये?

बहिणीने परवा विचारले, "म्हाका आता परीक्षेक बसूंक दितले?"

वयाला वरची मर्यादा नाही, असे मी तिला सांगितले. रविवारचा पहिला तास तिच्यापासूनच सुरू करतो आहे.