साल्वादोरमधला एक दिवस



ब्राझीलच्या साल्वादोर शहरात मला जेमतेम एक दिवस मिळाला. दुपारी नाक्यावर पांढराशुभ्र घेरदार झगा घातलेल्या एक बाई आकाराजे तळत होत्या. भिजवून सोललेली चवळी वाटायची, कांदा घालून फेटायची आणि लालसर पाम तेलात सोडायची. थेट आपला वडाच! तो चिरून आत कोळंबी आणि काजू घातलेला, दाटसर वातापा भरतात. काजू मूळचा ब्राझीलचाच, पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणलेला. त्यामुळे पहिल्याच घासाला ओळख पटली.

हा पदार्थ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या बायकांचा. रस्त्यावर खाद्यपदार्थ विकून त्यांतल्या काहींनी पैपै जमवली आणि स्वतःची सुटका विकत घेतली.

संध्याकाळी पेलोरिन्योला गेलो. या नावाचा अर्थ फटक्यांचा खांब. गुलामांना तिथे चारचौघांत फोडून काढत. गुलामगिरी संपली १८८८ साली. आज त्याच दगडी उतारावर १९७९ साली सुरू झालेल्या ओलोदुमचे ढोल घुमतात. एका आजींनी हात धरून मला नाचणाऱ्यांत ओढले. एकमेकांची भाषा कळत नव्हती, ठेका कळत होता.

त्या माणसांचे गाव, नाव, भाषा सगळे हिरावले गेले. हाताची चव आणि अंगातला ठेका मात्र कुणाला काढून घेता आला नाही. एकत्र जमूनच त्यांनी तो जपला. म्हणून सांगतो, आज जेवणानंतर ढोल-ताशा वाजेल तेव्हा कुणी खुर्चीला चिकटून बसू नका. सर, बाई, तुम्हीसुद्धा!