मधुमेह आणि आपल्या बैठका

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



साखरेचा आजार हा काही बायकांचा प्रश्न नाही, आपण हिंसेवर बोलू, रेशनवर बोलू, असं आपल्यातल्या काहीजणींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. घरात कुणाला मधुमेह झाला की पथ्याचा स्वयंपाक बाईने करायचा, दवाखान्याची रांगही तिनेच धरायची. आणि तिला स्वतःला झाला, तर महिनाअखेरीस पैसे संपल्यावर आधी तिच्याच गोळ्या बंद होतात. वरून डॉक्टर रागावतात, 'बाई, तुम्ही औषध नियमित घेत नाही.'

सरकारी कार्यक्रम आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई घरोघर जाऊन भरतात. तंबाखू-मिश्री, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला आजार आहे का, असे प्रश्न. त्यांचे गुण मांडायचे, चाराच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं. त्यात एक प्रश्न आहे : आठवड्यात दीडशे मिनिटं शारीरिक हालचाल होते का? पाणी भरणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यावर हसते. पण दिवसभर एकाच जागी बसून विड्या वळणारी किंवा शिलाई करणारी बाई हसत नाही. ती दमलेली असते आणि तिची हालचालही होत नसते. तिला 'रोज चालायला जा' सांगणं सोपं आहे. कुठे चालायचं, किती वाजता, आणि लोक काय म्हणतील, ते फॉर्ममध्ये नाही.

याचं उत्तर शोधताना मला बांगलादेशातल्या फरीदपूर जिल्ह्यातलं काम फार महत्त्वाचं वाटतं. तिथे ९६ गावं घेतली आणि त्यांचे तीन भाग केले. एका भागात बायकांचे आणि पुरुषांचे वेगवेगळे गट करून दीड वर्ष दर महिन्याला बैठक. दुसऱ्या भागात लोकांच्या मोबाइलवर मधुमेहाविषयी बोलके संदेश. तिसऱ्या भागात यातलं काही नाही. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. संदेश ऐकणाऱ्यांची माहिती वाढली, पण रक्तातली साखर होती तिथेच राहिली. बैठकांच्या गावांत मात्र मधुमेह असलेले आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले असे दोन्ही मिळून लोकांचं प्रमाण, काहीच न केलेल्या गावांपेक्षा शेकडा वीसने कमी निघालं. म्हणजे शंभर माणसांमागे वीस माणसं!

या बैठका घेणारे कुणी तज्ज्ञ नव्हते. साधी स्थानिक माणसं प्रशिक्षण देऊन तयार केलेली होती. पद्धत आपल्या ओळखीची आहे. आधी अडचणी कोणत्या ते गटाने शोधायचं, मग उपाय ठरवायचे, ते करायचे आणि शेवटी काय जमलं ते सगळ्यांसमोर तपासायचं. झारखंड-ओडिशात आदिवासी बायकांच्या गटांनी याच पद्धतीने नवजात बाळांचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी केल्याचं २०१० साली प्रसिद्ध झालं होतं. फरीदपूरमध्ये एकट्या बाईने रस्त्याने चालणं लोकांना रुचत नव्हतं. गटाने मिळून चालायचं ठरवलं की ते पाऊल सोपं होतं. पुरुषांचेही गट होते हे मला महत्त्वाचं वाटतं. नाहीतर तेल-मीठ कमी केल्याबद्दलची बोलणी बाईच खाणार!

आपल्याकडे बचतगट आहेत, महिन्याची बैठक ठरलेली आहे. हप्ते गोळा झाले की उठायचं, एवढंच तिथे होतं. त्यातला अर्धा तास मागायला काय हरकत आहे? मात्र आशाताईंच्या डोक्यावर हे आणखी एक बिनपैशाचं काम टाकायला माझा विरोध आहे. त्यांना कामागणिक मोबदला मिळतो, तोही वेळेवर मिळावा म्हणून मोर्चे काढावे लागतात. त्यांच्याकडून काही करून घ्यायचं असेल, तर त्याचा मोबदला आधी मागू.

दोन गोष्टी तर आपणच बोलायच्या आहेत, कारण दुसरं कुणी बोलत नाही. अंगावरून पांढरं जाणं, तिथे खाज, पुन्हा पुन्हा लघवीची जळजळ, हे साखर वाढल्याचंही लक्षण असू शकतं. बाई लाजेने गप्प राहते किंवा मलम आणते, साखर तपासतच नाही. दुसरं, गरोदरपणात साखर वाढली होती अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची तपासणी व्हायला हवी, पुढेही दरवर्षी. पण तोवर घरातलं सगळं लक्ष बाळाकडे लागलेलं असतं.

आणि गट झाला म्हणून सरकार सुटलं, असं होता कामा नये. चालून आणि भाकरी खाऊन प्रत्येकीचा मधुमेह आटोक्यात येत नाही. गोळ्या लागतात, काहींना इन्सुलिन लागतं. आठवड्याच्या गोळ्या देऊन परत बोलावलं की बाईची एक दिवसाची मजुरी बुडते. महिन्याच्या गोळ्या एकदम आणि घराजवळच्या उपकेंद्रात मिळाल्या पाहिजेत, ही आपली मागणी असावी.

जेवणानंतर गटचर्चा आहे. प्रत्येक वस्तीतल्या मैत्रिणींनी तीन गोष्टी लिहून आणा : तुमच्याकडे गोळ्या किती दिवसांच्या मिळतात, गेल्या तीन महिन्यांत कितीदा 'संपल्या' म्हणून परत पाठवलं, आणि बायकांना चालायला जागा कुठे आहे. त्यावरून आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन आजच तयार करू.