निवडलेली मुले आणि फ्रेंचचा तास
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सव हा जसा आनंदाचा प्रसंग असतो, तसाच तो हिशेबाचाही असतो. पन्नास वर्षे विद्यादान करणाऱ्या संस्थेने या टप्प्यावर एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. हुशार मुले निवडून त्यांना उत्तम शिकवावे, की येईल त्या मुलाला शिकवून हुशार करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज थोडे दूरचे उदाहरण घेतले आहे. ते आहे इंग्लंडमधील निवडक मुलांच्या शाळांत फ्रेंच भाषा कशी शिकवली गेली याचे. विषय परका वाटेल; पण त्यातील बोध परका नाही.

इंग्लंडमध्ये 1944 साली शिक्षणविषयक मोठा कायदा झाला आणि माध्यमिक शिक्षण सर्वांसाठी मोफत झाले. मात्र सर्वांसाठी एकच शाळा नव्हती. वयाच्या अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेतली जाई. तीत गणित, इंग्रजी आणि बुद्धिमापनाचे प्रश्न असत. साधारणतः चार-पाच मुलांमागे एकाला ‘ग्रामर स्कूल’ मिळे आणि बाकीच्या बहुतेकांची रवानगी ‘सेकंडरी मॉडर्न’ शाळेत होई. ग्रामर स्कूलमध्ये पाऊल ठेवताच मुलाच्या हाती जी नवी गोष्ट येई, ती म्हणजे फ्रेंचचे पुस्तक. दुसऱ्या शाळेत गेलेल्या बहुतेक मुलांना ते कधीच मिळत नसे. एकाच गल्लीत वाढलेल्या दोन मित्रांपैकी एक संध्याकाळी फ्रेंच क्रियापदे घोकू लागे आणि दुसरा ते नुसते ऐकत राही. अशा रीतीने फ्रेंच ही शेजारच्या देशाची भाषा न राहता निवडले गेल्याची खूण बनली.

खूण म्हणून जी विद्या दिली जाते, ती शिकवण्याची रीतही तशीच ठरते. ग्रामर स्कूलमध्ये लॅटिनचा मान मोठा. लॅटिन ही मृत भाषा. ती व्याकरण आणि भाषांतर यांच्या आधारे शिकवली जाई. फ्रेंचलाही तोच साचा लावला गेला. क्रियापदांची रूपे पाठ करावीत, इंग्रजी उताऱ्याचे फ्रेंच करावे, फ्रेंचचे इंग्रजी करावे आणि श्रुतलेखन लिहावे, असा तो क्रम. 1951 पासून सुरू झालेल्या ‘ओ लेव्हल’ परीक्षेतही गुणांचा मोठा वाटा लेखी भाषांतरालाच असे. तोंडी परीक्षा काही मिनिटांत आटोपे.

फ्रेंचमध्ये लिहिणे आणि बोलणे यांत अंतर फार. ‘बोलणे’ या अर्थाच्या क्रियापदाची ‘मी’, ‘तू’ आणि ‘ते’ यांच्यासाठीची रूपे कागदावर वेगवेगळी लिहिली जातात. उच्चार मात्र तिन्हींचा एकच, ‘पार्ल’. हिरवा रंग, काच, किडा आणि ‘कडे’ हे अव्यय या चारही शब्दांचा उच्चार ‘व्हेर’ असाच होतो. ज्याने ही भाषा केवळ डोळ्यांनी शिकली, त्याच्या कानावर ती पडली की तो गोंधळतो. पाच वर्षे फ्रेंच शिकून उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी पॅरिसच्या स्थानकावर उतरावा आणि साधा रस्ता विचारताना त्याची जीभ अडखळावी, ही त्या पिढीची नेहमीची कहाणी होती.

हा दोष कुणाच्याच ध्यानात आला नव्हता असे नाही. फ्रान्सचे एक शिक्षक फ्रांस्वा गुएँ यांनी 1880 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वतःची फजिती मोकळेपणाने सांगितली आहे. जर्मन शिकण्यासाठी ते हॅम्बुर्गला गेले. व्याकरण पाठ केले, अनियमित क्रियापदे पाठ केली, शब्दकोशही घोकला. आणि इतके करून लोकांचे बोलणे काही केल्या कळेना. निराश होऊन घरी परतले तो त्यांचा तीन वर्षांचा पुतण्या घडाघडा बोलू लागलेला. हा मुलगा पिठाची गिरणी पाहून आला आणि तिथे काय काय घडले ते त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा सांगत बसला. गुएँ यांच्या लक्षात आले की मूल शब्द पाठ करीत नाही. ते घडणारी क्रिया पाहते आणि तिच्याबरोबर वाक्य उचलते. पुढे 1886 साली पॅरिसमध्ये पॉल पासी यांच्या पुढाकाराने भाषाशिक्षकांची एक संघटना उभी राहिली. तीच आजची आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान परिषद. आधी कान, मग जीभ, मग डोळा आणि शेवटी लेखणी, हा त्या काळच्या सुधारकांचा आग्रह होता.

हा आग्रह एका निवडक शाळेत प्रत्यक्ष आचरणात आला. केंब्रिज येथील पर्स स्कूल हे त्या शाळेचे नाव. स्टीफन पर्स नावाच्या वैद्याने आपल्या मृत्युपत्रात ठेवलेल्या दानातून, परिसरातील मुलांना मोफत शिक्षण मिळावे या हेतूने, 1615 साली ती स्थापन झाली. 1902 ते 1928 या काळात डब्ल्यू. एच. डी. राउज हे तिचे मुख्याध्यापक होते. राउज यांचा जन्म कोलकात्याचा. संस्कृत व पाली त्यांना अवगत होत्या आणि जातककथांच्या इंग्रजी भाषांतराच्या कार्यातही त्यांचा वाटा होता. त्यांनी लॅटिन आणि ग्रीक यांसारख्या भाषाही वर्गात बोलून शिकवल्या. शिक्षक उठे, चाले, दार उघडी आणि त्या त्या वेळी त्या भाषेत सांगे, ‘मी उठतो, मी चालतो, मी दार उघडतो’. मग मुले तसेच करीत आणि बोलत.

याच शाळेत फ्रेंचचे अध्यापन लुई द ग्लेन यांच्याकडे होते. त्यांच्या तासाला पहिल्या दिवसापासून वर्गाची भाषा फ्रेंच. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला अनुसरून पाठ्यपुस्तकही तयार केले. भाषांचा क्रमही विचारपूर्वक ठरवलेला होता. फ्रेंच आधी, तिचा पाया बसल्यावर लॅटिन आणि त्यानंतर ग्रीक. जिवंत भाषेतून मुलाला बोलण्याची गोडी लागावी आणि त्या गोडीच्या बळावर त्याने प्राचीन भाषांकडे वळावे, ही त्यामागची दृष्टी. फ्रेंचला लॅटिनचा साचा लावण्याऐवजी राउज यांनी लॅटिनलाच जिवंत भाषेची रीत लावली.

मग ही पद्धत सर्वत्र का पसरली नाही? कारण अगदी व्यवहारातले आहे. ती पुस्तकावर नव्हे, शिक्षकावर उभी होती. तासभर अस्खलित फ्रेंच बोलेल, चुका हसतमुखाने सुधारील आणि रोज नव्या उत्साहाने उभा राहील, असा शिक्षक गावोगावी कुठून मिळणार? केवळ विद्वत्ता इथे पुरत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधून फ्रेंच व इटालियन विषयांत सुवर्णपदक मिळवलेला एक तरुण 1928 साली बेलफास्टच्या नामांकित कॅम्पबेल कॉलेज या शाळेत फ्रेंच शिकवू लागला. त्याचे मन तिथे रमले नाही आणि दोन सत्रांतच तो बाहेर पडला. इथली मुले म्हणजे या प्रांतावरची साय आहे, असे त्याला सुनावले गेले तेव्हा, ‘साय खरीच, श्रीमंत आणि जाड!’ असे तो म्हणाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. तो तरुण म्हणजे सॅम्युअल बेकेट. पुढे त्याने फ्रेंच भाषेतच जगप्रसिद्ध नाटके लिहिली आणि 1969 चे नोबेल पारितोषिक मिळवले. भाषा त्याला पूर्णतः वश होती, मुलेही निवडलेली होती, आणि तरीही तास जमला नाही. ज्ञान असणे आणि ज्ञान देता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेच यातून दिसते.

खरी कसोटी पुढे आली. 1965 साली ब्रिटिश सरकारने परिपत्रक काढून निवडक शाळा मोडण्याचे आणि सर्व मुलांना एकत्र शिकवण्याचे धोरण स्वीकारले. फ्रेंच आता पुष्कळ मुलांपर्यंत पोहोचली. त्याआधी, 1963 पासून, प्राथमिक शाळांतही ती शिकवण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला होता. पण लवकर सुरुवात करून अपेक्षेइतका लाभ होत नाही, असा 1974 च्या अहवालाचा निष्कर्ष निघाला आणि तो उत्साह ओसरला. निवडक मुलांसाठी घडवलेली रीत सर्वांच्या वर्गात चालेना. वास्तविक रीत बदलायला हवी होती. परंतु ‘भाषा हा सर्वांचा विषय नव्हे’ असा समज दृढ होत गेला. अखेर 2004 पासून चौदा वर्षांनंतर परकीय भाषा शिकण्याची सक्ती इंग्लंडमध्ये उठली आणि फ्रेंचच्या परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. इंग्लंडमध्ये आजही सुमारे 163 सरकारी ग्रामर स्कूल आहेत आणि फ्रेंचचा वर्ग अशाच शाळांत अधिक भरलेला आढळतो. जी भाषा निवडीची खूण म्हणून आली, ती फिरून बरीचशी निवडलेल्यांपाशीच जाऊन राहिली.

आता थोडे आपल्या बाजारपेठेकडे पाहावे. सोलापूरच्या कापडपेठेत कामाला लागलेले पोर काही महिन्यांत मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि हिंदी बोलू लागते. त्याला कुणी विभक्ती शिकवत नाही. ताका उलगडताना, पन्हा मोजताना, गिऱ्हाईकाशी भाव करताना ते वाक्ये उचलते. त्याची कुणी बुद्धिमापन चाचणी घेतलेली नसते. गुएँ यांनी ग्रंथ लिहून आणि राउज यांनी शाळा चालवून जे सांगितले, ते आपल्या पेढ्यांवर पिढ्यान् पिढ्या घडत आले आहे. मात्र त्या मुलाला चार भाषा बोलता आल्या, तरी त्यांतील पत्र लिहिता किंवा ग्रंथ वाचता येतोच असे नाही. तिथे व्याकरण लागते, वाचन लागते, बैठक लागते.

म्हणूनच या विषयाकडे अनेकांताच्या दृष्टीने पाहावयास हवे. व्याकरण हा एक नय आहे आणि संभाषण हा दुसरा. ‘हेच खरे’ असे म्हणताच दोन्ही मिथ्या ठरतात. ‘हेही खरे’ म्हटले की दोन्ही एकमेकांना पूरक होतात. ग्रामर स्कूलने व्याकरणाचा एकांत धरला आणि भाषा मुकी झाली. नुसत्या संभाषणाचा एकांत धरला तर ती उथळ होईल.

परभाषा मनापासून शिकणाऱ्याच्या हातून केवढे कार्य होते, याची साक्ष आपल्याच धर्मवाङ्मयात आहे. आर्माँ गेरिनो या फ्रेंच अभ्यासकाने 1906 साली पॅरिसमध्ये जैन ग्रंथांची व जैनविषयक लेखनाची विस्तृत सूची प्रसिद्ध केली आणि 1908 साली जैन शिलालेखांची सूची सिद्ध केली. कोलेत काइया या विदुषीने जैन साधूंच्या प्रायश्चित्तविधींवर 1965 साली फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. आपल्या मराठीच्या जडणघडणीचा पायाभूत शास्त्रीय इतिहासही झ्यूल ब्लॉक यांनी फ्रेंचमध्येच लिहिला. तो 1920 साली प्रसिद्ध झाला आणि पुढे वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. दूरदेशीच्या या मंडळींनी आपली प्राकृत आणि आपली मराठी गुणांसाठी शिकली नव्हती. आपल्या समाजातील किती मुले त्यांचे ग्रंथ मूळ भाषेत वाचू शकतील, हा प्रश्न या प्रसंगी अस्थानी ठरू नये.

मराठी मुलाला फ्रेंच वाटते तितकी कठीणही नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतला भेद इंग्रज मुलाला समजावून सांगावा लागतो; आपल्या मुलाला तो घरातच मिळालेला असतो. निर्जीव वस्तूलाही लिंग असते याचे इंग्रज मुलाला नवल वाटते. आपली खुर्ची मराठीत स्त्रीलिंगी आहे आणि फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगीच आहे. आपल्याकडे उणीव मुलांच्या बुद्धीची नाही. उणीव आहे ती बोलून शिकवणाऱ्या शिक्षकांची.

बंधुभगिनींनो, भगवंतांच्या समवसरणाचे वर्णन सर्वांच्या परिचयाचे आहे. तिथे देव, मनुष्य आणि तिर्यंच सारेच एकत्र बसत आणि दिव्यध्वनी प्रत्येकाला आपापल्या भाषेत उमगे, अशी आपली श्रद्धा आहे. त्या सभेच्या दारावर प्रवेशपरीक्षा नव्हती. श्रोत्याची पात्रता वक्त्याने पारखली नाही. वाणीच श्रोत्यापर्यंत पोहोचली. शिक्षकाचा याहून मोठा आदर्श कोणता? जैन कुळात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून खेड्यापाड्यांतील सर्व जातींच्या मुलांना दार उघडले, ते याच भावनेने.

स्टीफन पर्स यांनी मोफत शिक्षणासाठी धन ठेवले. आज ती शाळा नामवंत आहे, परंतु शुल्क घेऊन आणि निवड करून प्रवेश देणारी आहे. दानाचा मूळ हेतू काळाच्या ओघात कसा बदलतो, हे प्रत्येक विश्वस्ताने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्या संस्थेने पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना गुणवंतांना शिष्यवृत्ती अवश्य द्यावी; परंतु तितकाच खर्च चांगला शिक्षक घडवण्यावर करावा. परकी भाषा असो, प्राकृत असो वा गणित असो, तो शिक्षक ज्या वर्गात उभा राहील तिथे शेवटच्या बाकावरच्या मुलापर्यंत विद्या पोहोचली पाहिजे. निवडलेल्या मुलांना शिकवणे सोपे आहे. जे निवडले गेले नाहीत त्यांना शिकवणे हेच खरे विद्यादान.

या विवेचनात काही न्यूनाधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!