खोल पाण्यातली पुळण



कोकणातल्या कुणालाही विचारा, काठाला वाळू आणि पुढे चिखल, हे तो सांगेल. हिशेब सरळ आहे: जाड कण आधी बसतात, बारीक गाळ लांब जातो. पण मुंबईहून पश्चिमेला निघालं आणि पाणी पन्नास-साठ मीटरांच्या पुढे गेलं, की चिखल सरतो आणि पुन्हा वाळू लागते! नकाशात तिथल्या एका भागाचं नावच 'फिफ्टी फॅदम फ्लॅट', म्हणजे पन्नास वावांचं पठार.

इतक्या खोल वाळू आली कुठून? तिच्यातले काही कण खसखशीएवढे, गोल गरगरीत असतात. एखादा चिरून भिंगाखाली धरला की कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. मधे शिंपल्याची कपची, तिच्यावर चुन्याची पुटं. लाटांनी सतत घोळवल्याशिवाय असा कण वळला जात नाही, आणि त्याला पाणी लागतं उबदार, जेमतेम काही मीटरांचं. म्हणजे तो घडला तेव्हा किनारा तिथे होता.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी उत्तर अमेरिका आणि युरोपवरच्या बर्फात इतकं पाणी अडकलं होतं, की समुद्र सुमारे 120 मीटर खाली होता. मुंबईसमोरचा 300 किलोमीटर रुंद उथळ तळ बहुतेक उघडाच. मग बर्फ वितळलं, आणि समुद्र कधी भरभर, कधी रेंगाळत वर आला. सातेक हजार वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीजवळ पोचला.

चढताना तो नद्यांच्या मुखांत शिरला. बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्या अशाच बुडालेल्या दऱ्या. आता सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांचा गाळ बराचसा खाडीत नाहीतर काठाजवळच बसतो. लांबच्या वाळूवर पडायला उरतो किती? खालचा थर जुना, वरचा नवा, हे आपण शाळेत घोकतो. तिथे मात्र हजारो वर्षांची पुळण वरच पडून आहे, कारण तिच्यावर काही घालायला कुणी गेलंच नाही.

काठाजवळ गोष्ट वेगळी. तळात पोलादी नळी खुपसून वर काढली, की आधी येतो हिरवट-करडा, लोण्यासारखा मऊ चिखल. त्याखाली कुठे वाळू आणि शिंपले. आणि काही ठिकाणी आणखी खाली कोळशागत काळं पडलेलं लाकूड. आज वर होड्या चालतात, तिथे तेव्हा झाडं उभी होती.