नोंदीआधी नोंदवही



नोंद करण्यापूर्वी नोंदवही रीतसर उघडावी, हा आपल्या प्रशासनाचा जुना दंडक आहे. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्कांची व बारामध्ये पिकांची नोंद होते. तेथे कोणी आपल्या मनाने नवा नमुना काढीत नाही. हीच शिस्त संगणकातही आवश्यक आहे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा या संगणकीय भाषेत आज अनेक प्रणाली लिहिल्या जातात. माहिती साठविण्यासाठी तिच्या जोडीला २००९ मध्ये आलेला मोंगोडीबी हा डेटाबेसही वापरता येतो. त्यातील नोंदवहीला ‘कलेक्शन’, म्हणजेच संग्रह, म्हणतात. संग्रह आधी उघडलेला नसला, तरी पहिली नोंद येताच तो आपोआप निर्माण होतो. ही सोय खरीच. परंतु धोकाही तिच्यातच आहे. समजा, निवृत्तिवेतनाच्या ‘लाभार्थी’ या संग्रहाचे नाव प्रोग्रामच्या एखाद्या ओळीत चुकून ‘लाभार्थि’ असे ऱ्हस्व पडले. संगणक हरकत घेत नाही. मुकाट्याने दुसरा संग्रह उघडतो. एखाद्या विधवा भगिनीचा अर्ज स्वीकारला जातो. परंतु मूळ यादीत तिचे नाव सापडत नाही.

यास्तव संग्रह विचारपूर्वक उघडावा. जावामध्ये त्यासाठी ‘क्रिएट कलेक्शन’ ही स्पष्ट आज्ञा आहे. प्रथम अस्तित्वातील संग्रहांची यादी पाहावी आणि नाव नसेल तरच ही आज्ञा द्यावी. संग्रहाचे नाव प्रोग्राममध्ये एकाच ठिकाणी लिहून सर्वत्र तेथूनच घ्यावे, म्हणजे ते ठिकठिकाणी चुकण्याची भीती उरत नाही.

या आज्ञेबरोबर नियमही देता येतात. अर्जदाराचे नाव असलेच पाहिजे, वय अंकातच असले पाहिजे, असे ठरवून दिले, म्हणजे त्यात न बसणारी नोंद डेटाबेस नाकारतो. २०१५ मधील ३.२ या आवृत्तीपासून ही सोय आहे. नियम मागाहूनही लावता येतात. परंतु आधी शिरलेल्या सदोष नोंदी त्यामुळे आपोआप तपासल्या जात नाहीत. म्हणून नियम आरंभीच ठरविणे श्रेयस्कर.

आपणांपैकी बहुतेकांना प्रोग्राम लिहावयाचा नाही. तथापि नवी प्रणाली ताब्यात घेताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : यातील संग्रह कोणते व त्यांचे नियम कोणते? मंजूर यादीत नसलेला एखादा संग्रह आढळला, तर त्याचा शोध त्याच दिवशी घ्यावा. त्यात कोणाचा तरी अर्ज अडकलेला असू शकतो.