विक्रेत्याच्या हातीं काय उरतें?

लिलाव हा शब्द उच्चारला कीं डोळ्यांसमोर एक परिचित चित्र उभें राहतें. चौथऱ्यावर उभा असलेला पुकारणारा, समोर दाटलेली गर्दी, 'एक वार, दोन वार, तीन वार' ही आरोळी, आणि अखेरीस पडणारा हातोडा. त्या हातोड्याबरोबर सौदा पुरा झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. घेणाराच्या बाजूनें ती पुष्कळशी खरी आहे. परंतु विकणाराच्या बाजूनें पाहतां हातोडा पडल्यावरच खऱ्या हिशेबाला आरंभ होतो. आज हे लिलाव इंटरनेटवर घरबसल्या होतात. तेथें चौथरा नाहीं, आरोळी नाहीं, हातोडाहि नाहीं. हिशेब मात्र आहे, आणि तो पूर्वीपेक्षां अधिक गुंतागुंतीचा झाला आहे.

अमेरिकेंतील एखाद्या लहानशा गांवीं राहणारी एक वृद्ध बाई श्रोत्यांनीं क्षणभर कल्पनेनें पुढें आणावी. तिच्या दिवंगत पतीचा जुना कॅमेरा कपाटांत पडून आहे. नातवाला वाढदिवसाला ९० डॉलरांचें व्हायोलिन घेऊन देण्याचा शब्द तिनें दिलेला आहे. त्यासाठीं ती तो कॅमेरा 'ईबे' या सुप्रसिद्ध लिलाव-बाजारांत मांडते. आठवड्यानें बोली १०० डॉलरांवर थांबते. बाईला वाटतें, व्हायोलिन तर आलेंच, वर दहा डॉलर गांठीला उरले. परंतु सर्व वजावट होऊन तिच्या हातीं पडतात ७५ डॉलर आणि २५ सेंट. मग बाकीचे जवळजवळ पंचवीस डॉलर गेले कोठें? कोणीं चोरले नाहींत, कोणीं फसविलेंहि नाहीं. सर्व कांहीं नियमांत लिहिलेलें होतें. तें तिनें वाचलें नव्हतें, एवढेंच.

तो हिशेब एकदां नीट मांडून पाहण्यासारखा आहे. २०२३ सालीं त्या बाजारांत बहुतेक प्रकारच्या मालावर १३.२५ टक्के दलाली आणि प्रत्येक विक्रीमागें ३० सेंट असा सामान्य विक्रेत्यासाठीं दर होता. बाईनें मनांतल्या मनांत शंभरावर सव्वातेरा डॉलर धरले असते तरी तें गणित चुकलेंच असतें. कारण ही दलाली केवळ बोलीच्या रकमेवर नसते. घेणारानें दिलेल्या एकूण रकमेवर असते. घेणारानें कॅमेऱ्याचे १०० डॉलर, टपालहंशिलाचे १५ डॉलर आणि सरकारी विक्रीकराचे ८ डॉलर, असे एकूण १२३ डॉलर दिले. दलाली त्या १२३ डॉलरांवर मोजली गेली. ती झाली १६ डॉलर ३० सेंट. वरचे ३० सेंट मिळवून १६ डॉलर ६० सेंट. माल गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर ठळकपणें यावा म्हणून बाईनें पांच टक्क्यांची जाहिरात पत्करली होती. तीहि एकूण रकमेवरच मोजली गेल्यामुळें आणखी ६ डॉलर १५ सेंट गेले. टपालाचे १५ डॉलर टपालखात्यानें घेतले, कराचे ८ सरकारनें घेतले, खोका व कागद यांना २ डॉलर पडले. उरले ७५ डॉलर २५ सेंट.

या हिशेबांतील मर्म एकच आहे. शेंकडा किती, हें प्रत्येकजण विचारतो. परंतु शेंकडा कशावर, हें फारच थोडे विचारतात. जी रक्कम बाईच्या हातांत क्षणभरहि राहणार नव्हती, जी सरकारची होती आणि टपालखात्याची होती, तिच्यावरहि तिला दलाली द्यावी लागली. केवळ विक्रीकराच्या आठ डॉलरांवरची दलाली १ डॉलर ६ सेंट भरते. रक्कम क्षुल्लक खरी. पण वर्षाला हजार वस्तु विकून पोट भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला ती क्षुल्लक राहत नाहीं.

हा बाजार प्रारंभीं असा नव्हता. सप्टेंबर १९९५ मध्यें पियर ओमिडियार या तरुणानें कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें 'ऑक्शनवेब' या नांवानें तो सुरू केला, तेव्हां कोणालाच कांहीं द्यावें लागत नसे. तेथें प्रथम विकली गेलेली वस्तु म्हणजे एक मोडका लेसर-दर्शक. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला, असें सांगतात. पुढें गर्दी वाढली, आणि इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीनें ओमिडियारचें मासिक बिल ३० डॉलरांवरून २५० डॉलरांवर नेलें. तेव्हां १९९६ मध्यें त्यानें विक्रेत्यांकडून दलाली मागण्यास सुरुवात केली. ती २५ डॉलरांच्या आंतील वस्तूवर पांच टक्के व त्यावरील वस्तूवर अडीच टक्के होती. विकणारे लोक पाकिटांत धनादेश, क्वचित् नाणींहि घालून प्रामाणिकपणें पाठवीत. दर थोडा होता, मोजण्यास सोपा होता, आणि कशावर आहे तें लहान मुलालाहि समजण्याजोगें होतें.

१९९७ मध्यें या बाजारानें 'ईबे' हें नांव घेतलें, १९९८ मध्यें त्याचे भाग खुल्या बाजारांत विक्रीस आले, आणि मग दरपत्रक लांबत चाललें. २००८ सालीं वस्तु मांडण्याचें शुल्क थोडें उतरविण्यांत आलें. पण लिलावांतील पहिल्या २५ डॉलरांवरची दलाली ५.२५ टक्क्यांवरून ८.७५ टक्के झाली. त्या फेब्रुवारींत अनेक विक्रेत्यांनीं आठवडाभर माल न मांडण्याचा बहिष्कार पुकारला होता. २०११ मध्यें अमेरिकेंत टपालहंशिलावरहि दलाली बसली. येथें विक्रेतेहि अगदींच निर्दोष नव्हते. कांहीं चतुर लोक वस्तूची किंमत एक सेंट लिहीत आणि टपालखर्च भरमसाट लावीत. दलाली चुकविण्याची ती युक्ति होती. थोड्यांच्या चलाखीचा दंड सर्वांना भरावा लागतो, हा व्यवहाराचा जुनाच अनुभव येथेंहि आला. पुढें २०१८ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयानें परराज्यांतील विक्रेत्यांकडूनहि विक्रीकर वसूल करण्याची वाट मोकळी झाली, आणि राज्याराज्यांनीं तो कर वसूल करण्याचें काम या बाजारांवरच सोंपविलें. त्यानंतर पैसे स्वीकारण्याचें कामहि ईबेनें स्वतःकडे घेतलें. अशा रीतीनें वस्तूची किंमत, हंशील आणि कर हीं तिन्ही एका बेरजेंत आलीं, आणि दलाली त्या बेरजेवर बसली.

याखेरीज आणखीहि लहानमोठे आकार आहेत. महिन्याला ठराविक संख्येपर्यंत माल फुकट मांडतां येतो. त्यापुढें प्रत्येक मांडणीस शुल्क पडतें, मग वस्तु विकली जावो वा न जावो. न विकलेली वस्तु पुन्हां मांडली कीं ती नवी मांडणी ठरते. अमुक किंमतीखालीं विकूं नये अशी गुप्त मर्यादा घालावयाची असल्यास तिचा आकार निराळा, आणि तोहि विक्री न झाल्यास परत मिळत नाहीं. माल परदेशीं गेला तर आणखी एक टक्केवारी चढते. यांतील एकेक गोष्ट निरनिराळी पाहिली तर समर्थनीय वाटेल. सर्व एकत्र आल्या म्हणजे विक्रेता चकित होतो.

बाजार चालविणाराची बाजूहि ऐकून घेतली पाहिजे. गांवोगांवचें गिऱ्हाईक घरबसल्या आणून द्यावयाचें, पैशाची हमी घ्यावयाची, लबाडांना आवर घालावयाचा, तंटे तोडावयाचे, हीं कामें फुकट होत नाहींत. दलाली घेणें हा अन्याय नव्हे. लंडनच्या ख्रिस्टीज आणि सदबीज या प्रख्यात लिलावगृहांनींहि १९७५ पासून विकणाराबरोबर घेणाराकडूनहि अधिभार घेण्यास आरंभ केला होता. प्रश्न दलालीचा नसून ती आधीं कळण्याचा आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाहीं. आपल्या बाजार-समित्यांतील शेतकरी माल विकून झाल्यावर जी पट्टी हातांत घेतो, तिच्यावर भाव वर लिहिलेला असतो आणि खालीं हमाली, तोलाई, गाडीभाडें यांची रांग लागलेली असते. फेब्रुवारी २०२३ मध्यें सोलापूरच्या बाजारांत एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा किलोला एक रुपया भावानें गेला, आणि सर्व वजा जातां त्याच्या हातीं दोन रुपयांचा धनादेश पडला. ही हकीकत सर्व देशानें वाचली. २०१६ मध्यें फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय राज्य सरकारनें केला होता. ईबेनेंहि कांहीं देशांत असाच पालट केला आहे. जर्मनींत मार्च २०२३ पासून आणि ब्रिटनमध्यें ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती विक्रेत्यांची दलाली बव्हंशीं काढून टाकण्यांत आली. मात्र ब्रिटनमध्यें फेब्रुवारी २०२५ पासून घेणारावर संरक्षणाचा आकार बसला. ओझें या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलें, नाहींसें झालें नाहीं. कारण घेणारालाहि हिशेब येतो, आणि जो आकार भरावयाचा तो मनांत धरून तो बोलीच तितकी कमी करतो.

मुंबईंतहि असा बाजार एकेकाळीं होता. २००० सालीं तेथें 'बाझी डॉट कॉम' निघाली, २००४ मध्यें ती ईबेनें विकत घेतली, आणि २०१८ मध्यें ईबेचा भारतांतील तो बाजार बंद झाला. तरीहि जुनें फर्निचर, पुस्तकें, नाणीं, तिकिटें घरबसल्या विकण्याचे मार्ग आज अनेक आहेत, आणि परदेशीं राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर ईबेशीं नित्य संबंध येतो. म्हणून माल मांडण्यापूर्वीं प्रत्येक गृहस्थानें व गृहिणीनें चार प्रश्न विचारून घ्यावे. टक्केवारी नक्की कोणत्या रकमेवर? वस्तु विकली न गेल्यास काय द्यावें लागेल? घेणारानें ती परत केल्यास किती आकार परत मिळेल? आणि जाहिरातीसारख्या ऐच्छिक सोयी न मागतां पत्करल्या तर जात नाहींत ना?

यांची उत्तरें मिळालीं म्हणजे हिशेब उलट बाजूनें मांडावा. बोली किती येईल येथून आरंभ न करतां, हातीं किती हवें येथून आरंभ करावा. त्या वृद्ध बाईला ९० डॉलर हवे होते. जाहिरातीचा आकार तिनें घेतला नसता आणि लिलावाची पहिली बोलीच ११० डॉलर ठेवली असती, तर त्याच दरानें तिच्या हातीं ८९ डॉलर ९७ सेंट आले असते. गुप्त मर्यादेला पैसे पडतात. पहिली बोली आपल्याला परवडेल तेथें ठेवण्यास पडत नाहींत. कदाचित् तेवढी बोली कोणीं लावली नसती. तरीहि पतीचा कॅमेरा तिच्या कपाटांत राहिला असता, आणि तो ७५ डॉलरांना द्यावा कीं ठेवावा, हें तिचें तिला ठरवितां आलें असतें. बिनमाहितीच्या सौद्यांत विक्रेत्याचें जें खरें नुकसान होतें तें हेंच. पंचवीस डॉलर पुन्हां मिळवितां येतात; नाहीं म्हणण्याची जी संधि त्यानें न कळत गमावली, ती हातोडा पडल्यावर परत येत नाहीं.