पेपर एक, घरची भाषा वेगळी

मध्य प्रदेशात पाचवी-आठवीच्या परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होऊ लागल्या. अशी सामायिक कसोटी हवीच. नाहीतर कुठल्या शाळेत वाचन कच्चं राहिलं, हे कळणार कसं? नापासाच्या धास्तीनं मुलं शाळा सोडतील, हा आक्षेप खरा आहे. म्हणून तर शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनं जादा शिकवणी आणि दोन महिन्यांत फेरपरीक्षेची तरतूद केली. पण आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात कुठे घरी मराठी, कुठे कोरकू. हिंदी पेपरातल्या ‘घटाइए’पाशी अडलेलं मराठी मूल ‘वजा कर’ म्हणताच उत्तर देऊ शकतं. त्याला गणितात कच्चं ठरवणं अन्यायाचं आहे. लेखी पेपराआधी घरच्या भाषेत तोंडी चाचणी घ्या. गणित अडलंय की भाषा, ते तिथेच दिसेल.